किरकोळ दुरुस्ती

त्या कचेरीत एक नियम होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा सगळे तो पाळत. काही बिघडलं की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर रेपोचं पान उघडायचं, बिघडलेली ओळ शोधायची, ‘ब्लेम’ नावाचं बटण दाबायचं, आणि त्या ओळीच्या डाव्या हाताला ज्याचं नाव उमटेल त्याने दोन मजले उतरून कँटीनमधून सगळ्यांसाठी चहा आणायचा. रेपो म्हणजे कंपनीच्या सगळ्या प्रोग्रामची सामायिक कोठी. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली याची नोंद तिच्यात राहते, आणि एकदा पडलेली नोंद जात नाही.

गेली अकरा वर्षं हा चहा ताई आणत होती.

कचेरीत सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. कंपनी दवाखान्यांसाठी औषधांचे आणि लसींचे फ्रिज बनवायची, आणि त्या फ्रिजच्या पोटातला प्रोग्राम ताईच्या विभागात लिहिला जायचा. अकरा वर्षांपूर्वी विभागप्रमुखांनी फर्मान काढलं की सगळ्या प्रोग्राममधले समास एकसारखे झाले पाहिजेत, कुणी चार घरं सोडतो, कुणी आठ, हे काय चाललंय. काम कंटाळवाणं होतं, त्यामुळे ते कुणाच्या अंगावर पडणार हे विचारायची गरजच नव्हती. ताईने तीन आठवडे मान मोडून चाळीस हजार ओळी सरळ केल्या. एकाही ओळीचा अर्थ बदलला नाही, फक्त पुढची मोकळी जागा बदलली. पण कोठीला अर्थ कळत नाही. शेवटचा हात कुणाचा लागला एवढंच तिला कळतं. दुसऱ्या दिवसापासून त्या चाळीस हजार ओळींच्या डावीकडे एकच नाव दिसायला लागलं.

पहिले दोन-तीन महिने ताई समजावत राहिली. “अहो, ती ओळ माझी नाही, मी फक्त समास सरळ केलाय. तिथे एक पाऊल मागे जायचं बटण आहे, ते दाबा, खरं नाव दिसेल.” त्यावर विभागप्रमुख सगळ्यांदेखत म्हणाले, “नियम म्हणजे नियम. नाव दिसतंय ना? मग जा.” सगळे हसले. तीही हसली. ते बटण पुढे कुणी दाबलं नाही, आणि अकरा कप एका तबकात घेऊन एकही थेंब न सांडता दोन जिने चढायची कला ताईला साधली.

हे विभागप्रमुख म्हणजे तिचे यजमान. कचेरीत सगळ्यांचे सर, आणि कचेरीत असेपर्यंत तिचेही सरच.

सरांनी आयुष्यात कधी चहा आणला नाही. ते चुकत नव्हते असं नाही. ते ओळींमध्ये काम करत नव्हते. त्यांच्याकडे तक्ता होता. कुठल्या मॉडेलचा फ्रिज किती अंशांवर गेला की घंटा वाजली पाहिजे, किती मिनिटांनी वाजली पाहिजे, असे सहाशे चाळीस मॉडेलांचे आकडे त्या तक्त्यात होते, आणि तो तक्ता रंगीत चौकटींच्या शीटमध्ये होता. ही शीट म्हणजे बायनरी फाइल. रेपोच्या पानावर ती उघडायला गेलं की पांढऱ्या पानाच्या मधोमध एकच वाक्य येई: ‘बायनरी फाइल. दाखवता येत नाही.’ जिथे ओळीच दिसत नाहीत तिथे ओळीशेजारी नाव कुठून दिसणार? शीट कुणी कधी चढवली आणि चढवताना काय शेरा लिहिला, एवढंच बाहेरून कळे. आत काय बदललं ते चढवणाऱ्याला ठाऊक.

“तीस वर्षांत माझ्या नावावर एक चहा नाही,” असं सर अभिमानाने सांगत. निवृत्तीच्या दिवशी भाषणांतही तेच सांगितलं गेलं. काचेचं सन्मानचिन्ह मिळालं, ‘मानद सल्लागार’ असं बिनकामाचं पद मिळालं, आणि बिनचूक काम करणाऱ्या एका इंजिनिअरला दरवर्षी सरांच्या नावाने पारितोषिक द्यायचं ठरलं. त्यांच्या खुर्चीवर त्यांचा लाडका शिष्य बसला. सर त्याला कौतुकाने आपला मुलगाच म्हणत, म्हणून बाकीचे पाठीमागे त्याला चिरंजीव म्हणत.

सर निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांनी ताईने एक गोष्ट मनावर घेतली. तो तक्ता शीटमधून काढून साध्या मजकुरात आणायचा. एका मॉडेलची एक ओळ. म्हणजे पुढे कुणी एखादा आकडा बदलला तर त्या ओळीशेजारी त्याचं नाव दिसेल, आकड्याला धनी मिळेल. जेवताना तिने हे घरी सांगितलं.

सर म्हणाले, “तक्ता चांगला चाललाय. तुला आता हे कुठलं खूळ?”

“अहो, उद्या काही चुकलं तर कळायला नको का कुणी बदललं ते?”

“तीस वर्षांत चुकला नाही तो आता चुकेल? भाजी वाढ.”

तिने भाजी वाढली आणि सोमवारी जाऊन तक्ता बदलला. सरांच्या शब्दाबाहेर जाऊन केलेलं ते तिचं पहिलंच काम, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा आतून फार आनंद झाला होता. एक छोटा प्रोग्राम लिहून तिने शीटमधल्या ओळी मजकुरात ओतल्या. सहाशे चाळीस आत, सहाशे चाळीस बाहेर, मोजून घेतल्या. चढवताना शेरा लिहिला: ‘तक्ता मजकुरात आणला. आकडे जसेच्या तसे.’ आणि सहाशे चाळीस ओळींच्या डावीकडे, एकाच तारखेने, तिचं नाव जाऊन बसलं.

या गोष्टीला दीड वर्ष झालं, आणि ओळ क्रमांक चारशे बारा अंगाशी आली.

एका दवाखान्यात ऐन उन्हाळ्यात दोन दिवस वीज गेली. सुट्टीचे दिवस, दवाखाना बंद. लसींचा फ्रिज चौदा अंशांवर जाऊन बसला. आठ अंश ओलांडले की त्याने आतल्या बॅटरीवर घंटा वाजवून आणि फोनवर निरोप पाठवून आकाशपाताळ एक करायला हवं होतं. त्याने हूं की चूं केलं नाही. वीज आली, फ्रिज पुन्हा गार झाला, आणि पुढचे आठ दिवस तिथली परिचारिका त्याच लसी बाळांना टोचत राहिली. मग कुणीतरी फ्रिजच्या स्मृतीतला तापमानाचा आलेख पाहिला. चारशे बाळांना पुन्हा बोलवावं लागलं. परिचारिकेला तडकाफडकी घरी बसवलं. ती एकच वाक्य सांगत होती, “घंटा वाजलीच नाही हो,” आणि कुणी ते खरं मानत नव्हतं. शेवटी दवाखान्याच्या मेकॅनिकने फ्रिज उघडा ठेवून तापवून पाहिला. घंटा वाजली, पण अठरा अंशांवर.

तक्त्यात आठच्या जागी अठरा होते.

कंपनीने चौकशी समिती नेमली आणि पहिला हुकूम असा काढला की चौकशी संपेपर्यंत त्या फाइलला कुणी हात लावायचा नाही, पुरावा आहे. म्हणजे त्या मॉडेलचे जेवढे फ्रिज जगात होते ते सगळे अठरा अंशांची वाट बघत बसले, आणि दवाखान्यांना पत्रं गेली की तूर्त दर तासाला तापमान स्वतः बघा. चूक दुरुस्त करायला एक मिनिट लागलं असतं. पण कंपनीला आधी चूक करणारा हवा होता.

सोमवारी समिती बसली. मुख्य कचेरीतून एक अध्यक्षबाई आल्या होत्या, करड्या केसांच्या, नीटनेटक्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. शेजारी चिरंजीव, आणि विभागातले सगळे भिंतीला टेकून. पडद्यावर पान उघडलं, ओळ चारशे बारा सापडली, बटण दाबलं.

“हे नाव कुणाचं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“ताईंचा चहा,” मागून कुणीतरी सवयीने बोलून गेलं, आणि दोन-तीन जण हसलेही. मग आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. अध्यक्षबाईंना कुणीतरी चहाचा नियम समजावून सांगितला. त्यांनी तो वहीत टिपून घेतला. “म्हणजे या बाईंच्या नावावर नेहमीच चुका निघतात,” त्या म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या.

ताई उभी राहिली. “तो आकडा मी लिहिलेला नाही. तो शीटमधून आलाय. मी फक्त जागा बदलली.”

“मग जुनी शीट दाखवा.”

चिरंजीवने जुन्या शीटवर क्लिक केलं. पांढरं पान. ‘बायनरी फाइल. दाखवता येत नाही.’

“म्हणजे पुरावा नाही.”

“आहे,” ताई म्हणाली. “पानावर दिसत नाही, पण फाइल आहे. प्रत्येक वेळची प्रत कोठीत आहे. एकेक उतरवून घेऊन उघडावी लागेल.”

“किती प्रती आहेत?”

“एक्केचाळीस.”

अध्यक्षबाईंनी चिरंजीवकडे बघितलं. चिरंजीव म्हणाला, “मॅडम, त्या फार जुन्या शीट आहेत, आताच्या मशिनवर धड उघडतही नाहीत. पानावर दिसतंय ते स्पष्ट आहे.” तो वाईट नव्हता. त्याला फक्त हे लवकर संपायला हवं होतं, आणि ते संपायचा सरळ रस्ता डावीकडच्या रकान्यात लिहिलेलाच होता. अध्यक्षबाईंनी ताईला गुरुवारपर्यंत मुदत दिली. गुरुवारी अहवाल. त्यात निष्काळजीपणाचा शेरा बसला की नोकरी तर जातेच, पण पुन्हा कुठल्याही कंपनीत दवाखान्याच्या यंत्राच्या कामावर सही करता येत नाही. ताईच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. एकतीस वर्षं नाकासमोर बघून काम केलेली बाई चारशे बाळांच्या लसी नासवून गेली, एवढंच तिच्यामागे उरणार होतं.

मंगळवारी तिने अडगळीच्या खोलीतला जुना संगणक बाहेर काढला, धूळ पुसली, आणि बसली. एक्केचाळीस प्रती ओळीने उघडायला ती नवशिकी नव्हती. मधली उघडायची, आकडा बघायचा, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधली. एकविसावी प्रत: आठ. तिचा जीव भांड्यात पडला. निदान चूक कुठेतरी शिरलेली आहे, आभाळातून पडलेली नाही. एकतिसावी: अठरा. सव्विसावी: आठ. एकेक शीट उघडायला पाच-सात मिनिटं लागत होती, आणि तेवढ्या वेळात मन नको तिथे जात होतं. चिरंजीवने त्या काळात नऊ वेळा शीट चढवली होती, हे तिला माहीत होतं. नाव त्याचंच निघावं असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटल्याची तिला जराही लाज वाटली नाही. अठ्ठाविसावी: अठरा.

सत्ताविसावी उघडली. अठरा.

मग तिने पानावर जाऊन सत्ताविसाव्या प्रतीची नोंद बघितली. चढवणारे: सर. शेरा: किरकोळ दुरुस्ती. तारीख सहा वर्षांपूर्वीची, आणि ती तारीख तिला चांगली आठवत होती. त्या दिवशी सरांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. सकाळपासून ते डोळे बारीक करून पडद्याला नाक लावून बसले होते. ती त्यांच्या टेबलाशी गेली होती आणि हळूच म्हणाली होती, “मी एकदा नजर टाकते ना तक्त्यावर.” चार जण ऐकत होते. सर म्हणाले होते, “तू समास सरळ कर. आकडे मी बघतो.” चौघे हसले होते. ती जागेवर जाऊन बसली होती.

ताई त्या अठराकडे बघत राहिली. तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती, पण दुसरी एक गोष्टही तिला त्याच क्षणी दिसली. दीड वर्षापूर्वी तक्ता ओतताना तिने ओळी मोजल्या होत्या. आकडे वाचले नव्हते. सहाशे चाळीस ओळी वाचायला फार तर एक दुपार लागली असती. ज्या मॉडेलच्या आगेमागे सगळीकडे आठ आहेत तिथे अठरा दिसले असते, तिला तर नक्कीच दिसले असते. पण तक्ता सरांचा होता. सरांचा तक्ता काय तपासायचा, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांचा शब्द मोडतानाही तिने ते मोडलं नाही.

तिने सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या प्रतीचं ते पान छापून घेतलं आणि संध्याकाळी घरी गेली.

सर खुर्चीत पेपर वाचत होते. चौकशीचं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि पहिल्या दिवसापासून ते एकच पालुपद आळवत होते: “तरी मी सांगत होतो, तक्त्याला हात लावू नकोस.” ताईने दोन्ही कागद त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवले आणि चारशे बारावर बोट ठेवलं.

सरांनी वाचलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

“हे कुणाला दाखवलंस?”

“अजून कुणाला नाही.”

“मग दाखवू नकोस.”

तिला वाटलं होतं, ते आधी म्हणतील की असं होणं शक्य नाही. मग म्हणतील की बघू. मग कधीतरी, झोपताना का होईना, म्हणतील की चुकलंच माझं. या सगळ्यासाठी तिने रस्ताभर मनाची तयारी केली होती. जे आलं त्यासाठी केली नव्हती.

“अहो, ते माझ्यावर खापर फोडताहेत.”

“ते कळतंय मला. पण तू नीट विचार कर.” त्यांचा आवाज समजुतीचा होता, नवख्या इंजिनिअरला समजावतात तसा. “माझ्या नावाने तिथे पारितोषिक देतात. दरवर्षी एक पोरगा माझं नाव घेऊन बक्षीस घेतो. तुझी तीनच वर्षं राहिलीत, तशीही तू थकलीयस. आणि तुझं नाव तिथे लागलेलंच आहे. नव्याने काय लागणार आहे?” मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते किंचित हसले. “अकरा वर्षं चहा पाजतेच आहेस की सगळ्यांना. अजून एक.”

ताईने कागद उचलले. हा माणूस आपल्याला ओळखतो असं ती तीस वर्षं समजत आली होती. ओळखत होताच तो. ती तबक उचलणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या नियमाची मजा त्याला अकरा वर्षं याचसाठी वाटत आली होती. तिला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या त्या दोन जिन्यांच्या कलेचा आला. तिने स्वयंपाक केला. दोघं जेवले. सरांनी विषय संपला असं धरलं.

गुरुवारी तिने दोन्ही कागद समितीपुढे ठेवले आणि जे होतं ते सांगितलं. कुठल्या प्रतीत आकडा बदलला, कुणी चढवली, शेरा काय होता, आणि आपण तो आकडा न वाचता कसा उतरवला, तेही. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. भिंतीला टेकलेल्यांनी आपापले बूट बघितले. चिरंजीव छताकडे बघत होता. परवापर्यंत ज्यांच्यासाठी तिने अकरा कप वाहिले त्यांतल्या एकाने तरी तोंड उघडावं असं तिला वाटलं.

अध्यक्षबाईंनी कागद दोनदा वाचले. “तुमचं म्हणणं मला पटतं,” त्या म्हणाल्या, आणि ताईला क्षणभर बरं वाटलं. “पण सर आता कंपनीचे कर्मचारी नाहीत. अहवालात रकाना आहे तो ‘जबाबदार कर्मचारी’ असा. त्यात निवृत्त माणसाचं नाव मला घालता येत नाही.”

“मग रकाना रिकामा ठेवा.”

“तोही ठेवता येत नाही.” त्यांनी वही उलटली. “शिवाय तुम्ही स्वतः लिहिलंय, आकडे जसेच्या तसे. तुम्ही ते पाहिले होते का?”

“नाही. मोजले होते.”

“मग झालं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यात दुष्टपणा नव्हता. घड्याळात बघून त्यांनी पेनाला टोपण लावलं. जाता जाता एवढं सांगितलं की दोष यंत्राचा होता असं दवाखान्याला कळवलंय, ती परिचारिका सोमवारपासून कामावर येईल. त्या सगळ्या आठवड्यात ताईच्या कानावर आलेली ती एकच धड बातमी होती.

शेरा बसला. आजचा दिवस शेवटचा. आणि आता फाइल मोकळी झाली होती, तेव्हा दुरुस्ती करायची होती. ती कुणी करायची? वरून फोन आला होता की पाचच्या आत नवा तक्ता सगळ्या दवाखान्यांच्या फ्रिजमध्ये गेला पाहिजे. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की जो ती ओळ बदलेल त्याचं नाव तिच्याशेजारी लागेल, आणि त्या ओळीशेजारी आता कुणालाच उभं राहायचं नव्हतं.

“ताई, जाता जाता तेवढं कराल का?” चिरंजीव म्हणाला. “तसंही नाव तुमचंच आहे तिथे.”

दोन दिवसांत हे वाक्य तिने दुसऱ्यांदा ऐकलं. ती आपल्या जागेवर बसली, ओळ चारशे बारावर गेली, आणि अठरामधला एक पुसला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मग पानाने नेहमीप्रमाणे शेरा मागितला. तिथे सगळे तीन-चार शब्द लिहितात. ताईने कळफलक जवळ ओढला आणि लिहायला घेतलं:

‘या मॉडेलची मर्यादा आठ अंश आहे. सहा वर्षांपूर्वी सत्ताविसाव्या प्रतीत सरांनी ती चुकून अठरा केली आणि शेरा लिहिला किरकोळ दुरुस्ती. दीड वर्षापूर्वी मी ती न वाचता उतरवली आणि शेरा लिहिला जसेच्या तसे. या अठरामुळे घंटा वाजली नाही आणि चारशे बाळांना पुन्हा लस द्यावी लागली. परिचारिका खरं सांगत होती. आज अठराचे आठ केले.’

बदल कोठीत जायचा तर दुसऱ्या कुणीतरी तो तपासून मान्य करावा लागे, आणि तो मान चिरंजीवचा होता. त्याने आपल्या पडद्यावर वाचलं. मान वर केली, पुन्हा वाचलं, आणि उठून तिच्या टेबलाशी आला.

“ताई, एवढं सगळं लिहायची गरज आहे का? हे कायमचं राहतं.”

“माहीत आहे.”

“सरांचं नाव आहे त्यात. थोडक्यात लिहा ना काहीतरी.”

“काय लिहू? किरकोळ दुरुस्ती?”

चिरंजीवचा फोन वाजला, वरून होता, तो “हो, हो, पाठवतोच आहे” म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं. साडेचार झाले होते. दुसऱ्या कुणाला करायला सांगावं तर ओळीशेजारी उभं राहायला कोण तयार होतं? तो जागेवर गेला आणि त्याने मान्यतेचं बटण दाबलं. ताईने आपला कप, चष्म्याचं घर आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली. निरोपाला कुणी उठलं नाही. कदाचित कुणाला सुचलं नसेल.

मानद सल्लागारांना कोठीतल्या प्रत्येक बदलाची मेल जाते. मान म्हणून सरांचं नाव त्या यादीत ठेवलं होतं. एरवी ते त्या मेल उघडत नसत. आज कुणीतरी फोन करून त्यांना उघडायला लावली असावी. ताई घरी पोचली तेव्हा ते फोन हातात धरून खुर्चीत बसले होते, आणि तिला बघून उठलेही नाहीत.

“काढून टाक ते,” ते म्हणाले.

“ते निघत नाही.”

“काहीतरी करून काढ. माझ्या खुर्चीवर बसलाय त्याला सांग. उद्या सगळे वाचतील.”

“निघत नाही म्हणून तुम्हीच शिकवलंत मला. पहिल्या दिवशी.” तिने पिशवी खाली ठेवली. “त्या ओळीवर कुणीही बटण दाबलं की माझं नाव दिसेल. नावावर बोट ठेवलं की शेरा उघडेल, आणि त्यात तुमचं.”

काचेचं सन्मानचिन्ह सरांच्या मागच्या फळीवर होतं, त्यावर ‘बिनचूक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत होता, आणि तिला त्याचं हसूही आलं नाही. बोलायला दुसरं काही सापडेना म्हणून असेल किंवा तीस वर्षांची सवय म्हणून असेल, ते म्हणाले, “चहा टाक जरा.”

“आज नाव तुमचं निघालंय,” ताई म्हणाली. “नियम तुमचाच आहे.”

ती वाट बघत उभी राहिली. सरांनी फोन उलटा ठेवला, पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला. ते उठले नाहीत. ते उठणार नाहीत हे तिला माहीत होतं, तरी ती अजून थोडा वेळ थांबली. मग आत जाऊन तिने एक कप चहा केला आणि ओट्याशी उभ्याउभ्याच तो पिऊन टाकला.